वेदीच्या कापडांचं पहिलं पाणी

सोमवारी आमच्या घरी मासे शिजत नसत. उपासबिपास काही नव्हता. सोमवार हा देवळाच्या कापडांचा वार, आणि त्या दिवशी आईच्या हाताला बोंबलाचा वास आलेला तिला खपत नसे. देऊळ म्हणजे चर्च. साकीनाक्याच्या अलीकडे, छोट्या कारखान्यांच्या पत्र्यांमध्ये अडकून राहिलेलं आमचं गावठाण. तिथले आम्ही पिढ्यान्‌पिढ्यांचे कॅथलिक, घरात मराठी बोलणारे, आणि आमच्यात चर्चला देऊळच म्हणतात. माझ्या ऑफिसातल्या मुलींना हे कळायला सहा महिने लागले, म्हणून इथे आधीच सांगून टाकते.

मिस्सेच्या वेळी, म्हणजे आमच्या रविवारच्या उपासनेत, फादर वेदीवर एक चौकोनी पांढरं कापड पसरतात. त्यावर थाळी आणि प्याला. थाळीतली भाकर फादरांच्या तोंडून आलेल्या शब्दांनी ख्रिस्ताचं शरीर होते, असं आमचा धर्म सांगतो. शरीरासारखी नाही, शरीराची आठवण नाही. शरीर. हे एकदा मानलं की पुढचं सगळं ओघानंच येतं. त्या शरीराचा एखादा कण कापडावर राहिलेला असू शकतो. म्हणून ते कापड झटकायचं नाही, आतल्या बाजूला दुमडत दुमडत नऊ चौकोनांची घडी करायची, आणि धुताना त्याचं पहिलं पाणी मोरीत सोडायचं नाही. मोरीतलं पाणी गटारात जाणार आणि गटारातलं मिठी नदीत. "देवाला काय मिठी नदीन सोडायचा?" असा आईचा सरळ प्रश्न असे.

त्या कापडांसाठी एक पितळी घंगाळ वेगळं ठेवलेलं होतं. आई हात साबणानं दोनदा धुवायची, विहिरीचं पाणी गाळून घंगाळात घ्यायची, घडी पाण्याच्या आतच उलगडायची आणि कापड नुसतं बुडवून वर काढायची. चोळायचं नाही, पिळायचं नाही. मग ते घंगाळ दोन्ही हातांनी उचलून घरामागच्या भिंतीच्या कोपऱ्यात, जिथे कुणाचा पाय पडणार नाही अशा मातीत, हळूहळू रिकामं करायची. त्यानंतर साबण, नीळ, खळ आणि कोळशाची इस्त्री. त्या कोपऱ्यात आपोआप एक शेवगा उगवला आणि माजला. त्याच्या शेंगा आम्ही कधी खाल्ल्या नाहीत. शेजारी वेंगुर्ल्याकडची एक बाई राहायची, नवरा गिरणीत होता तिचा. ती दर वर्षी न चुकता म्हणायची, "अगो, शेंगो झाडारच सुकान गेल्यो, काढूच्यो नाय काय?" आई म्हणायची, कडू आहेत. हे एक खोटं ती आयुष्यभर बोलली.

हे काम तिला जुन्या फादरांनी दिलं होतं. नियमानं पहिलं पाणी पुरोहितानंच काढायचं असतं, पण त्यांची बोटं संधिवातानं वाकडी झाली होती. त्यांनी बराच विचार करून, कुणाला तरी पत्र पाठवून, परवानगी काढून ते आईवर सोपवलं. माझे वडील मी लहान असताना वारले. घरात पुरुष नाही, शिक्षण चौथीपर्यंत, भाजीची टोपली घेऊन मरोळ नाक्यावर बसणारी बाई. गावठाणात तिला कोण विचारत होतं? पण सोमवारी तिच्या घरात ती कापडं असत. तिचा मान म्हणा, तिचं स्थान म्हणा, जे काही होतं ते त्या घंगाळात होतं.

नवे फादर आले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि बेअरिंगच्या एका कारखान्यात टायपिस्ट होते. रंगीत टीव्ही नुकते आले होते. फादर तिशीतले, परदेशात शिकून आलेले, झग्याऐवजी खादीचा सदरा घालणारे आणि स्कूटरवर फिरणारे. त्यांचं मराठी थोडं तुटक होतं, पण ते न लाजता बोलत. आल्या आल्या त्यांनी आम्हां तरुण पोरापोरींना गोळा केलं, गिटार आणली, नवी गाणी शिकवली. मला वेदीजवळ उभं राहून बायबल वाचायला लावलं. याआधी आमच्या देवळात बाईनं तिथे पाऊल ठेवलं होतं ते फक्त झाडू घेऊन. एकदा ते मला म्हणाले, "तू विचार करतेस, हे रेअर आहे." बस, माझी वाट लागली. मी त्यांच्या शब्दासाठी वाटेल ते केलं असतं, आणि बरंचसं केलंही.

वेदीसमोर सागवानी कठडा होता. त्याच्याशी गुडघे टेकून, जीभ पुढे करून लोक कम्युनियन घेत, म्हणजे ती पवित्र भाकर. फादर म्हणाले, हा कठडा देव आणि लोक यांच्यामधली भिंत आहे. एका शनिवारी आमच्या ग्रुपनं तो उचकटला. स्क्रू गोळा करायचा डबा माझ्या हातात होता. दारात चारपाच म्हातारी माणसं उभी राहून बघत होती आणि त्यातलं कुणी काही बोललं नाही. मला ते मान्य असल्यासारखं वाटलं. एकोणीस वर्षांच्या माणसाला म्हाताऱ्यांचं गप्प बसणं नेहमी मान्यताच वाटते.

दुसऱ्या दिवसापासून सगळे रांगेत उभे राहून हातावर कम्युनियन घेऊ लागले. आई मात्र पुढे गेली, कठडा होता तिथे लादीवर एक फिकट पट्टा उरला होता तो तिनं शोधला आणि त्यावर गुडघे टेकून तोंड उघडलं. फादरांनी दिलं, पण किंचित हसून. मला शरम वाटली.

घरी मी म्हटलं, "आये, हातात काय वाईट आहे गं?"

"या हातान मी बोंबील साफ करते."

"आणि जिभेनं भांडत नाहीस? परवा भाजीच्या जागेवरून त्या बाईचा उद्धार केलास तो कशानं?"

ती हसली. "ते पन खरा हाय," म्हणाली, आणि पुढच्या रविवारी पुन्हा त्याच पट्ट्यावर गुडघे टेकून बसली. तिच्याशी वाद घालायची हीच पंचाईत होती.

त्यानंतर मी एक गोष्ट केली, जी करताना मला ती फार चांगली वाटली होती. फादरांना मी घरी चहाला बोलावलं. माझा हेतू इतकाच की त्यांनी आईला जवळून बघावं. ती नुसती एक हट्टी म्हातारी नाही, तिच्याकडे काहीतरी आहे, हे त्यांना कळावं. आणि आईलाही कळावं की हे फादर ऐकून घेणारे आहेत.

ते आले, पाटावर मांडी घालून बसले, चहाबरोबर आईनं केलेले वडे मागून घेतले. मग म्हणाले, "आँटी, मला जुन्या लोकांच्या गोष्टी ऐकायला आवडतात. तुम्ही ते कापड कसं धुता, ते सांगा ना."

आई सांगेना. पदर तोंडाशी धरून नुसती "त्यात काय सांगायचा" म्हणत राहिली. मीच मागे लागले. "सांग ना गं आये, ते काय परके आहेत का?" मग ती हळूहळू सांगायला लागली. घंगाळ, कोपरा, शेवगा. फादर पुढे वाकून ऐकत होते. कुणी असं ऐकलं की माणूस बोलत सुटतो. आई बोलता बोलता अशा गोष्टीवर आली जी मीही कधी ऐकली नव्हती.

खूप वर्षांपूर्वी एका सोमवारी तिनं घडी उघडली आणि पाण्यात बुडवायच्या आधीच तिला कापडावर कण दिसला. मोहरीएवढा. चांगला दिसत होता, शंका नव्हती. जुने फादर एका मरणाऱ्या माणसाकडे मुलुंडला गेलेले, संध्याकाळपर्यंत येणार नव्हते. पाण्यात सोडावा तर जीव होईना, ठेवावा तर घरात मुंग्या. शेवटी तिनं उजव्या हाताचं बोट ओलं केलं, कण उचलला आणि खाल्ला. आणि मग आठवलं की हे उपाशीपोटीच घ्यायचं असतं, आणि सकाळी आपण चहा-बटर खाल्लं आहे. शिवाय देवाला लागलेलं हे बोट. आता याचं काय करायचं? तिनं त्या बोटाला धुतलेली चिंधी गुंडाळली आणि तो सबंध दिवस त्या बोटानं कशालाही शिवली नाही. डाव्या हातानं भात ढवळला, डाव्या हातानं मला भरवलं. शेजारणीला वाटलं भाजलं. संध्याकाळी जुने फादर आले तेव्हा ती तशीच, बोट वर धरून, त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. त्यांनी बोटावर पाणी घालून दिलं आणि म्हणाले, काही पाप झालं नाही, घरी जा.

"पन मना अजून भ्या वाटतो कधी कधी," आई म्हणाली. "फादर, ह्या कोनाला सांगू नका हां."

फादरांनी आईचे दोन्ही हात हातांत घेतले. "आँटी, ही गोष्ट माझ्यापाशी राहील," म्हणाले.

जाताना आईनं त्यांना आमच्या घरचा बाटलीतला मसाला दिला, जो ती सख्ख्या बहिणीलाही मोजून देत असे. आठवडाभर ती खुशीत होती. मला म्हणाली, "वयान लहान हाय, पन मानूस बरा हाय." मला वाटलं, जमलं. दोन्हीकडची माझी माणसं मी जोडून दिली.

तिसऱ्या रविवारी फादरांचं प्रवचन होतं ते 'विश्वासात मोठे व्हा' या विषयावर. मी कॉयरमध्ये पहिल्या रांगेत होते, गाण्याचा माईक माझ्यासमोर. फादर म्हणाले, भाकर ही एक खूण आहे, प्रेमाची खूण. देव भाकरीच्या तुकड्यात अडकून बसलेला नाही, तो आपण एकमेकांना भेटतो तेव्हा आपल्यामध्ये असतो. आता विचार केला की कळतं, त्या एका वाक्यानं त्यांनी आमच्या आज्या-पणज्यांचा सगळा धर्म मोडीत काढला होता. तेव्हा मला ते फार सुंदर वाटलं. मग ते म्हणाले, पण काही लोक अजून बालवाडीत आहेत. आणि त्यांनी एका बाईची गोष्ट सांगायला घेतली.

नाव घेतलं नाही. 'एक बाई' म्हणाले. त्यांनी उजव्या हाताचं बोट वर धरलं, त्याला रुमाल गुंडाळला आणि ती बाई कशी चालली, डाव्या हातानं भात कसा ढवळला, माशी बोटावर बसायला आली तेव्हा कशी पळाली, हे करून दाखवलं. माशी त्यांनी पदरची घातली होती. नक्कल झकास होती. लोक हसायला लागले. आणि मी हसले. खळखळून हसले. बोट वर धरून धावणारे फादर मला दिसत होते, आई दिसत नव्हती. दोनतीन क्षण असतील फार तर.

मग ते म्हणाले, "बिचारा येशू. कबरेत तीनच दिवस होता, आणि इथे वीस वर्षं शेवग्याच्या झाडाखाली."

शेवगा म्हटल्यावर मी हसायची थांबले. अख्ख्या गावठाणात शेवगा कुणाच्या मागच्या भिंतीला आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. माना वळल्या. बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर आई बसली होती. ती समोर बघत होती. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, एवढंच.

कम्युनियनची वेळ आली तेव्हा मला वाटलं, आता ती उठणार नाही. किंवा उठून दारातून बाहेर जाईल. ती उठली, रांगेतून पुढे गेली, सगळ्यांच्या देखत त्या फिकट पट्ट्यावर गुडघे टेकले आणि तोंड उघडलं. ज्या माणसानं पंधरा मिनिटांपूर्वी तिचं हसं केलं होतं त्याच्या हातून तिनं घेतलं, आणि डोळे मिटून परत आली. या वेळी फादर हसले नाहीत. माझ्याकडे मात्र त्यांनी बघितलं, आणि मी माईककडे बघितलं.

घरी येऊन आईनं कांदा चिरला, सार केलं, आम्ही जेवलो. "मीठ घाल थोडा," एवढं एक वाक्य ती बोलली. दुसऱ्या दिवशी देवळाचा शिपाई कापडं घेऊन आला नाही. निरोप घेऊन आला. यापुढे कापडं लाँड्रीत जातील, आँटींना आता त्रास नको. आईनं विचारलं, "पहिला पानी कोन काढल?" शिपाई म्हणाला, "मना काय माहीत, काकी." आईनं ते घंगाळ चिंचेनं घासून लखलखीत केलं आणि फळीवर उपडं घातलं.

मी फादरांच्या ऑफिसात गेले. रडायचं नाही असं ठरवून गेले होते.

"तुम्ही शब्द दिला होता," मी म्हटलं.

"मी नाव घेतलं का? तू एवढी शिकलेली, तुला पण जोक समजत नाही?"

"तिनं विश्वासानं सांगितलं होतं. मीच तिला सांगायला लावलं."

ते उठले, खिडकी लावली. आवाज न चढवता, अगदी समजावल्यासारखं म्हणाले, "हे बघ, तूच सगळ्यात आधी हसलीस. तुझं हसणं तर स्पीकरवर आलं. अख्ख्या चर्चनं ऐकलं. मग आता माझ्याकडे कशाला आलीस?"

मी जिना उतरून खाली आले. हा माणूस माझ्या आईचं गुपित वापरू शकतो हे एक वेळ समजलं असतं, त्याला विनोदाची हौस होती. पण माझी चूक त्यानं माझ्याविरुद्ध अशी नेमकी हेरून ठेवली होती, जपून ठेवली होती, हे मला सहन झालं नाही. 'तू विचार करतेस' असं म्हणणारा तोच माणूस. माझी फसवणूक झाली होती, आणि त्या फसवणुकीत मी सामील होते, म्हणजे ओरडायचीही सोय नव्हती.

मी देवळात जाणं सोडलं. आईला सांगितलं की मी अंधेरी स्टेशनजवळच्या चर्चमध्ये जाते. प्रत्यक्षात रविवारी सकाळी मी कांदिवलीला ऑफिसातल्या मैत्रिणीकडे जाऊन बसायची. ती पोहे करायची, आम्ही टीव्ही बघायचो. कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, सगळं थोतांड आहे. कुणी विचारलं नाही.

इकडे गावठाणात चुळबुळ सुरू झाली होती. मे महिन्यात क्रुसापुढे लॅटिन लितानी, म्हणजे संतांच्या नावांची लांबलचक प्रार्थना, गाणारे एक म्हातारबाबा होते. त्यांनी वरच्या ऑफिसात, म्हणजे बिशपांकडे, अर्ज लिहिला, की हे फादर भाकर म्हणजे नुसती खूण आहे असं शिकवतात, हे आमच्या धर्माला धरून नाही, कृपया लक्ष घालावे. सह्या घ्यायला ते आमच्याकडे आले. टाईप मीच करून दिला होता, ऑफिसच्या मशीनवर, साहेब जेवायला गेलेले असताना. आईनं सही केली नाही. म्हातारबाबा चिडले. "तुझाच अपमान झाला ना गो?"

"माझा झाला, तर तो माझा मी बघीन," आई म्हणाली. "पन देवाचा लिवलाय ना त्यात? ता बरोबर हाय. पाठवा."

महिन्या-दीड महिन्यानं उत्तर आलं. दोन ओळी होत्या. पत्र मिळाले. आपण आपल्या फादरांशी सहकार्य करावे. म्हातारबाबांनी ते पत्र मला वाचायला दिलं आणि मी वाचत असताना ते माझ्या तोंडाकडे बघत होते, जणू मी वाचताना एखादी ओळ गाळते आहे. सत्तर वर्षं ज्यांनी सांगितलं तसं ते गुडघे टेकत आले होते, त्यांनीच आता त्यांना गप्प बसायला सांगितलं होतं. "खाली हाय का आनखी काही?" त्यांनी विचारलं. खाली सही होती.

लाँड्रीचं मला उशिरा कळलं. अंधेरी-कुर्ला रोडवर भैयाची लाँड्री होती, माझे ऑफिसचे कपडे मी तिथेच टाकायची. एका मंगळवारी तो मला म्हणाला, "आपकी माताजी का कपड़ा तैयार है, ले जाओगी?" मी म्हटलं, आमचे कुठले कपडे? त्यानं कागदात बांधलेला गठ्ठा काढला. देवळाची कापडं.

हॉटेलांच्या पंच्यांबरोबर ती कापडं फरशीवर पडलेली आईनं बाहेरून पाहिली होती. ती आत गेली आणि तिच्या अगम्य हिंदीत त्याला सांगितलं, की या कापडाचं पहिलं पाणी गटारात जाता कामा नये, यात देव असतो. भैया जौनपूरकडचा, कपाळाला टिळा. मला म्हणाला, "मैंने कहा, माताजी, इतनी सी बात? ठाकुरजी के नहाने का पानी हम भी नाली में नहीं डालते." तेव्हापासून दर सोमवारी सकाळी देवळाचा शिपाई कापडं लाँड्रीत टाके, अर्ध्या तासानं आई जाऊन ती घरी आणे, पहिलं पाणी काढून कोपऱ्यात घाले आणि ओली कापडं परत नेऊन देई. पुढचं साबण-इस्त्री भैया करत असे. मंगळवारी कधी ती स्वतःच गठ्ठा देवळात पोचवी. फादरांना वाटत होतं, सगळं आधुनिक झालं.

पाच वर्षं धर्मशास्त्र शिकलेल्या माणसाला जे सांगून कळलं नाही ते त्या परीटाला अर्ध्या वाक्यात कळलं, हे मी आईला तावातावानं बोलून दाखवलं. तिनं मला दटावलं. "फादरला नावा ठेवू नको."

"का नको? तुला अख्ख्या गावापुढे नाचवलं त्यानं. आणि तू जाऊन त्याच्यापुढेच तोंड उघडतेस."

"तो देतो, पन त्याचा नसतो," ती म्हणाली. "पोस्टमन वाकडा हाय म्हणून मनिऑर्डर घ्यायची नाय?" आणि घंगाळ घेऊन मागे गेली.

असं वर्ष गेलं. पुढच्या सप्टेंबरात कांदिवलीची मैत्रीण लग्न होऊन नाहूरला गेली आणि रविवारी जायला मला जागा उरली नाही. त्या रविवारी मी उठलेच नाही. आई इस्त्रीचं लुगडं नेसून तयार होती. ती माझ्या अंथरुणाशी येऊन उभी राहिली.

"आज अंधेरीला नाय जायचा?"

मला खोटं बोलायचा कंटाळा आला होता. मी सांगून टाकलं. अंधेरीला मी कधीच गेले नाही, कुठल्याच चर्चमध्ये गेले नाही, वर्ष झालं. ती ऐकत राहिली. चेहऱ्यावरून वाटलं, तिला माहीत होतं.

"ज्यांनी सांभाळायचं त्यांनीच तुला फसवलं," मी म्हटलं. "त्यानं फसवलं, वरच्यांनी दोन ओळींत वाटेला लावलं. मला त्यांचं तोंड बघायचं नाही. तू कशी जातेस तेच मला कळत नाही. तुला काहीच वाटत नाही का?"

आई खाली बसली. गुडघे दुखायचे तिचे, एका हातानं भिंत धरून बसली.

"वाटतो ना," ती म्हणाली. "त्या दिवशी सगले हसले. फादर परका, त्याचा मी दोन दिवसान सोडून दिला. पन स्पीकरमदून तू हसलीस."

मी उठून बसले. वर्षभर मी स्वतःला समजावत आले होते की तिला कमी ऐकू येतं, एवढ्या लोकांत तिनं काय ओळखलं असणार.

"तुझा हसू मी ओलखनार नाय?" ती म्हणाली. ती रागावली नव्हती. तिचे डोळे भरले होते आणि ते तिनं पुसलेही नाहीत. "तो घाव अजून हाय. तरी त्याच दिवशी तुला जेवायला वाढला ना मी? रोज वाढते ना? मी काय घर सोडून गेले? तशीच देवलान जाते."

ती भिंतीचा आधार घेऊन उठली, जपमाळ घेतली आणि मागे न बघता निघाली. चुलीपाशी तिनं माझ्यासाठी तांदळाची भाकरी झाकून ठेवली होती. कम्युनियन घ्यायचं तर आधी खायचं नसतं. मी ती भाकरी तशीच झाकलेली ठेवली, तोंड धुतलं आणि दुसरी घंटा व्हायच्या आत घराबाहेर पडले. फादरांवरचा राग होता तेवढाच होता. तो बरोबर घेऊनच गेले.